ओवाळणीतला उजेड

ज्ञानदेव शिंगोटेचा आवाज बिबट्यानं नेला, त्याला त्या दिवाळीत सहा वर्षं झाली होती. जीव वाचला हे नशीबच म्हणायचं. धामणदऱ्यात शेतीची लाईट एक आठवडा दिवसा यायची आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात कुणीतरी उसात पाण्याची दारं धरायला उतरायलाच लागायचं. उसात बिबट्या असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण पाणी काय आपल्या पायानं वाफ्यात जात नाही. ज्ञानदेव वाकून फावड्यानं वाफ्याचं तोंड फोडत होता. वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, वासरू वाटतं. त्यानं मागून येऊन गळा धरला. शेजारच्या रानातल्या दोघांनी दगड मारून सोडवला, चार महिने दवाखान्यात गेले, आणि ज्ञानदेव घरी आला तो कुजबुजतच. एके काळी भजनात पहिला आवाज त्याचा असायचा. आता बायकोला हाक मारायची तरी टाळी वाजवावी लागायची.

त्याहून वाईट म्हणजे सूर्य कलला की तो घरात जाऊन बसायचा. दार लावायचा, कडी घालायचा, पुन्हा उठून कडी तपासायचा. त्याची बायको सारिका हे सहा वर्षं रोज बघत होती.

सारिका मूळची शूर वगैरे नव्हती. पण नवऱ्याचं असं झाल्यावर तिला राग आला आणि तो राग काही गेला नाही. त्या रागावरच ती सरपंचपदाला उभी राहिली आणि निवडूनही आली. सगळ्या बायका तेव्हा खुरपायला जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधायच्या. हातात घुंगरकाठी घेऊन दर पाच पावलांनी जमिनीवर आपटायच्या. सारिकानं भाषणात एवढंच सांगितलं होतं, "हा पट्टा मला माझ्या पोरीच्या गळ्यात बांधायचा नाही." पोरगी आरोही तेव्हा तिसरीत होती.

मग आरसे आले.

गावच्या मधोमध मोठ्या माळावर एका कंपनीचा सौर प्रकल्प होता. दिवस मावळला की पॅनल झोपायचे. कंपनीनं आता आकाशातल्या आरशांचं ऊन विकत घेतलं होतं. ते समजावून सांगायला परुळेकर नावाच्या तरुण इंजिनिअर मॅडम ग्रामसभेला आल्या. त्यांनी पडद्यावर पृथ्वी दाखवली आणि तिच्याभोवती फिरणारी बारीक टिंबं दाखवली.

"हे चार हजार आरसे. सहाशे किलोमीटर उंचीवर, दिवस आणि रात्र जिथं मिळतात त्या रेषेवरून फिरतात. आपल्याकडे दिवस मावळला तरी तिथं वर ऊन असतं. ते आपल्याकडे वळवायचं. एक आरसा चार मिनिटांत डोक्यावरून निघून जातो, की मागचा त्याची जागा घेतो. संध्याकाळी अडीच तास, पहाटे अडीच तास. उजेड किती? ढगाळ सकाळी असतो तेवढा."

"आणि मधल्या रात्री?" मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"मधल्या रात्री आरसे इथून दिसतच नाहीत, बाबा. क्षितिजाखाली जातात."

"म्हंजे रात्रपाळी न्हाई त्यांना. आमच्यापेक्षा बरं."

सभा हसली. सारिकानं मात्र उठून कामाचं विचारलं. "उजेड नुसता पॅनलवर पडणार का गावावर पण?"

परुळेकरांनी हात लांब केला. "करंगळीचं नख असं धरलं तर सूर्य त्याच्या निम्म्यानं झाकला जातो. म्हणजे तो टिंब नाही, थाळी आहे. थाळीच्या एका कडेचं ऊन आणि दुसऱ्या कडेचं ऊन आरशावर जरा वेगळ्या दिशेनं पडतं आणि तसंच तिरपं परत फिरतं. सहाशे किलोमीटर खाली येईपर्यंत ते पसरतं. आरसा लहान घ्या, मोठा घ्या, खाली वर्तुळ पडणार सहा किलोमीटरचं. त्याहून लहान करताच येत नाही. आम्हाला पाहिजे एक किलोमीटरचा माळ. बाकीचा उजेड तुम्हाला फुकट."

फुकट म्हटल्यावर सभेनं टाळ्या वाजवल्या. उजेड आला की बिबट्या जाणार, संध्याकाळी उजेडात पाणी देता येणार, आणखी काय पाहिजे? कंपनीनं नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लावला. त्यावर लाल वर्तुळ होतं. सभा पांगल्यावर सारिका नकाशाजवळ गेली आणि तिनं बोटानं आपलं घर शोधलं. वर्तुळ पश्चिमेला शिंगोटे मळ्याच्या अलीकडेच अर्धा किलोमीटर थांबलं होतं. तिचं घर, ज्ञानदेवची कडी, आरोहीचा शाळेचा रस्ता, सगळं बाहेर.

तिनं परुळेकरांना फोन केला. "मॅडम, एक किलोमीटर पश्चिमेला सरकतं का हो?"

"सरकतं की. माळ आत राहिला म्हणजे झालं. पण पूर्वेकडून तेवढंच सुटेल. सुटणाऱ्या लोकांची लेखी संमती आणा आणि पाडव्यानंतरच्या सोमवारपर्यंत कळवा. एकदा करार झाला की वर्षभर बदल नाही."

पूर्वेला कालव्यापलीकडे हाडवळे मळा होता. अकरा घरं. त्यातलं एक तिच्या धाकट्या भावाचं, रोहिदासचं. आईवडील गेल्यावर तिचं माहेर म्हणजे तेवढंच.

 चार दिवसांनी पंचायतीत कुणी नसताना तिनं नकाशावर पेन्सिलीनं दुसरं वर्तुळ काढलं, बघितलं, आणि खोडून टाकलं. नीट खोडलं गेलं नाही.

भाऊबीजेला रोहिदास आला. बायको मंगल आणि पाच वर्षांची श्रेया घरीच राहिल्या, गाय आजारी आहे म्हणाला. सारिकानं पाट मांडला, टिळा लावला, ओवाळलं. रोहिदासनं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि तबकात ठेवला.

"ह्या वर्षी साडी न्हाई, अक्का."

कागदावर हाडवळे मळ्यातल्या अकरा घरांच्या सह्या होत्या. वर्तुळ पश्चिमेला सरकवायला आमची हरकत नाही.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? पेन्सिल तू लहानपणापासनं दाबूनच धरती. खोडली तरी वळ ऱ्हातो." तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "दाजी सहा वर्षं सांजचं अंगणात आलं न्हाईत. आमच्यात अजून कुणाला काय झालेलं न्हाई. आमाला अंधाराची सवय हाय, अक्का. घे."

"मंगल काय म्हणाली?"

"काय म्हणती? सही केली न्हवं तिनं."

ठेव तो कागद तुझ्यापाशी, असं सारिकाच्या मनात आलं. ओठापर्यंतही आलं. पण आतल्या खोलीतून ज्ञानदेवनं कडी तपासल्याचा आवाज आला आणि तिनं कागदाची घडी घालून तो तबकात तसाच ठेवला. ओवाळणी नाकारायची नसते, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट अशी, की तिला नाकारायची नव्हती.

सोमवारी नकाशावरचं वर्तुळ सरकलं.

उजेड सुरू झाला तो फेब्रुवारीत. पहिल्या संध्याकाळी सगळा शिंगोटे मळा रस्त्यावर उभा होता. सूर्य डोंगराआड गेला, सावल्या पुसल्या, आणि अंधार पडायच्या ऐवजी आभाळात ठिणग्यांची माळ दिसू लागली. माळ दाट होत गेली आणि तांबूस, मवाळ ऊन उतरलं. माणसाला एकदम पाच-सहा सावल्या फुटल्या. फिक्या, सारख्या सरकणाऱ्या. पोरं आपल्याच सावल्यांच्या मागे पळत सुटली.

सारिकाचं लक्ष दाराकडे होतं. कडी निघाली. ज्ञानदेव उंबऱ्यात आला, थांबला, आणि अंगणात उतरला. तुळशीपाशी जाऊन उभा राहिला. मग त्यानं मान वर केली, तेव्हा गळ्यावरचा पांढरा व्रण तिला स्वच्छ दिसला. तो काहीतरी कुजबुजला. ती जवळ गेली.

"चहा इथंच आण," तो म्हणत होता.

ती चुलीपाशी जाऊन रडली. सुखानं रडली, यात काही लपवण्यासारखं नाही.

चार महिन्यांत गावची रीत बदलली. खिळ्यांचे पट्टे खुंटीला गेले आणि खुंटीवर गंजले. बॅटऱ्या कुठं ठेवल्या ते बायकांना आठवेना. घुंगरकाठ्या पोरांनी खेळायला घेतल्या. आरोही संध्याकाळी सायकलवरून क्लासला जाऊ लागली. तक्रारी होत्या, नाही असं नाही. कोंबड्या वेळ-अवेळ आरवायच्या आणि शेवंतीला रात्र पुरेना म्हणून कळीच धरेना. पण शेवंतीसाठी कोण रडत बसतो?

बिबट्या काही उजेडाला भिऊन मेला नव्हता. तो उठला आणि कडेला जाऊन बसला. जूनमध्ये वनरक्षकानं सारिकाला कॅमेऱ्यांचे फोटो दाखवले. पूर्वी वर्तुळाच्या आतल्या उसात आठ-नऊ जनावरं विखुरलेली असायची. आता आत एकही नव्हतं. सगळी वर्तुळाच्या कडेनं, आणि कडेला ऊस होता तो पूर्वेलाच, कालव्यापलीकडे. पश्चिमेला नुसता उघडा माळ.

"पाण्यात दगड टाकला की कचरा कडेला लागतो ना, तसं झालंय," वनरक्षक म्हणाला. "हाडवळे मळ्यात कुत्रं राहिलं नाही, सरपंच."

सारिका भावाकडे गेली. रोहिदास गोठ्याला जाळी ठोकत होता. दोन शेळ्या गेल्या होत्या. तो नेहमीसारखाच बोलला, पण गळ्यात पट्टा होता आणि काठी हाताशी. तिला सोडायला तो कालव्यापर्यंत आला. कालव्यावर नुसता चालायचा पूल होता. मोटरसायकली लोक अलीकडच्या काठावर, उजेडाच्या बाजूला लावायचे आणि पलीकडे मळ्यापर्यंत अर्धा किलोमीटर पायी जायचे. पूल ओलांडला की शंभर-दीडशे पावलांत उजेड संपायचा. तिथं एक बाभूळ होती.

"हितं थांबायचं असतंय," रोहिदासनं दाखवलं. "उजेडातनं एकदम आलं की कायबी दिसत न्हाई बघ. डोळं बसूपतोर थांबायचं. मी पंधरा-वीस मिनिटं तरी थांबतो. काठी आपटत."

तो सांगत होता ते पुस्तकातही आहे. डोळ्याच्या पडद्यात अंधारात बघायला लागणारं एक द्रव्य असतं. उजेडात ते विरून जातं आणि पुन्हा साठायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तोवर माणूस जवळजवळ आंधळा. पूर्वी संध्याकाळ हळूहळू पडायची, डोळे तिच्याबरोबर तयार होत जायचे. आता संध्याकाळ म्हणून काही उरलंच नव्हतं. बाभळीच्या अलीकडे सकाळ, पलीकडे मध्यरात्र. बिबट्या पलीकडेच राहायचा, त्याचे डोळे कायम बसलेले.

सारिकानं घरी येऊन परुळेकरांना फोन केला. वर्तुळ मूळ जागी नेता येईल का, आजच्या आज?

"मॅडम, चार हजार आरशांचं वर्षभराचं वेळापत्रक लावलेलं आहे. जिल्ह्यात अशी आणखी पाच वर्तुळं आहेत. दिवाळीला करार नवा होईल, तेव्हा नक्की. तोवर थांबा."

तिनं फोन ठेवला. अंगणात ज्ञानदेव आरोहीची सायकल पुसत बसला होता. तिला हायसं वाटलं. आणि हायसं वाटल्याची इतकी लाज वाटली की तिनं जेवण केलं नाही.

सप्टेंबरात आरोहीच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं. आदल्या संध्याकाळी रोहिदास भाचीसाठी पेढे घेऊन आला. मोटरसायकलला घुंगरकाठी बांधलेली, हँडलला पट्टा अडकवलेला. आरोहीला नाटकात धनगराचं काम होतं. तिनं काठी बघितली आणि मामाच्या गळ्यातच पडली.

"मामा, दे ना. आमच्या काठ्यांची घुंगरं कधीच तुटली."

"उद्या आणून देतो की, पोरी. आज मला जायाला लागंल."

"अरे, ठेव ना एका रात्रीसाठी," सारिका म्हणाली. "उद्या सकाळी दहाला नाटक आहे तिचं. एका रात्रीनं काय होतंय? बॅटरी आहे ना फोनला?"

हे वाक्य तिचंच होतं. पुढं कितीही जणांनी तिला समजावलं, तरी ते दुसऱ्या कुणाचं झालं नाही.

रोहिदासनं काठी सोडून भाचीच्या हातात दिली. जेवायला बसला. दुसरी भाकरी मोडतो तोच मंगलचा फोन आला, गाय अडली होती, वासराचे पाय दिसत होते आणि ती एकटी होती. रोहिदास हातही न धुता उठला. आठ वाजले होते, बाहेर लख्ख होतं. त्याची मोटरसायकल वळणापर्यंत सारिकाला दिसत होती.

त्यानं गाडी कालव्याच्या काठावर लावली. पट्टा हँडललाच राहिला. पूल ओलांडला. बाभळीपाशी थांबला नाही, गाय अडलेली होती. फोनची बॅटरी लावता आली असती, पण फोन कानाला होता. मंगल विचारत होती, ओढू का, थांबू का, आणि तो सांगत होता, हळू ओढ, कळ आली की ओढ. मंगलनं नंतर पोलिसांना सांगितलं आणि सारिकालाही सांगितलं, एकही शब्द न गाळता.

"म्हनलं, कुठवर आलाय? तर म्हनले, आलोच, कायबी दिसंना गं. मग धप् झालं. हसले. म्हनले, पडलो की चांगला, चप्पल कुठं गेली बघू. म्हंजे वाकलं असतील, वन्सं. चप्पल हुडकाया वाकलं असतील."

त्यापुढचं तिनं फोनवर ऐकलं होतं.

वासरू मात्र जगलं.

तेराव्याला सारिका हाडवळे मळ्यात होती. माणसं उठून गेल्यावर मंगल तिच्यासमोर येऊन बसली. रडून तिचे डोळे कोरडे झाले होते.

"वन्सं, त्यांनी तुमाला सांगितलं नसंल. त्या कागदावरनं मी दोन दिस भांडले होते. जेवले नव्हते. मी म्हनले होते, भैनीला साडी द्या, सोनं द्या, माझ्या पोरीची सांज देऊ नका. त्यावर ते काय म्हनले ठावं हाय? अक्कानं सोता मागितलं असतं तर मी न्हाई म्हनलो असतो. पर तिनं मागितलं न्हाई, खोडून टाकलं. मग कसं न्हाई म्हनू?"

सारिकाला वाटलं, जमीन दुभंगावी. जमीन कधी कुणासाठी दुभंगत नाही.

"दिवाळीला वर्तुळ तुझ्याकडं सरकवते, मंगल. मूळ होतं तिथं. तू घेशील का?"

"घेईन," मंगल म्हणाली. "मला लाज न्हाई वाटत घ्यायला. श्रेया हाय मला." मग म्हणाली, "पर तुमी माफी मागू नका. माफी मागितली की मला देयाला लागंल."

हाडवळे मळा आत आला की शिंगोटे मळा बाहेर जाणार होता. ऑक्टोबरातल्या ग्रामसभेत शिंगोट्यांनी सारिकाला उभं फाडलं. चुलत दीर, जावा, ज्यांच्या गाड्यांतून ती प्रचाराला फिरली होती ते सगळे. सरपंच झालीस आणि आपल्याच घरावर अंधार आणतेस? माहेरचा पुळका आत्ताच कसा आला? भाऊ गेला तो गेला, आता आमची पोरं घाल बिबट्याच्या तोंडात! यातलं शेवटचं खोटं नव्हतं. उजेडाला कड असणारच होती आणि कडेला कुणाचं तरी घर असणार होतं. परुळेकर मॅडम खाली मान घालून बसल्या होत्या. वर्तुळ सहा किलोमीटरचंच, त्यांचाही इलाज नव्हता.

तेवढ्यात टाळी वाजली. मागच्या रांगेत ज्ञानदेव उभा होता. सात वर्षांत तो ग्रामसभेला आला नव्हता. सभा गप्प झाली, कारण त्याचं ऐकायचं तर श्वास धरावा लागायचा.

"आठ महिने अंगणात चहा प्यालो," तो कुजबुजला. "तो मेव्हण्याच्या वाटणीचा होता. मला माहीत होतं. कागद तबकात पडला तेव्हा मी दाराआड होतो. बाहेर येऊन नको म्हणायला पाहिजे होतं. कडी तपासत बसलो." त्यानं श्वास घेतला. "हलवा. गळा एकदा गेलाय माझा, मला तरी ठाऊक आहे तो कसा सांभाळायचा."

मत झालं. बाकीच्या वाड्यांनी हात वर केले आणि चार मतांनी वर्तुळ सरकलं. शिंगोट्यांच्या दोन घरांनी त्या दिवसापासून सारिकाच्या घरचं पाणी पिणं तोडलं. ते अजूनही तुटलेलंच आहे.

नवा करार भाऊबीजेच्या संध्याकाळपासून लागू झाला.

सकाळी सारिकानं खुंटीवरचे तीन पट्टे काढले, गंज घासला, खिळे पाहिले. आरोहीनं मान पुढं केली. लेकीच्या गळ्यात पट्टा बांधताना भाषणातलं वाक्य सारिकाला आठवत होतं आणि लेकीलाही आठवत असणार. आरोही नाटकाला गेलीच नव्हती. मामाची काठी त्या रात्रीपासून दाराच्या कोपऱ्यात उभी होती. तिला कुणी हात लावला नव्हता.

सूर्य डोंगराआड गेला. आभाळात ठिणग्यांची माळ दिसू लागली, पण ती यंदा पूर्वेला झुकली. अर्ध्या किलोमीटरवर, ओढ्यापलीकडे ऊन उतरलं आणि तिथंच थांबलं. शिंगोटे मळ्यात नऊ महिन्यांनी पहिल्यांदा संध्याकाळ झाली. भराभर दारं लागल्याचे आवाज आले. कुणीतरी मोठ्यानं सारिकाचं नाव घेऊन शिवी दिली.

फोन वाजला. मंगल होती. "आला वन्सं, उजेड आला. श्रेया अंगणात खेळतीया." एवढं बोलून तिनं फोन ठेवला. सारिकाला तेवढं पुष्कळ होतं.

तिनं तबक घेतलं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, झेंडूचं फूल. ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. लहानपणी शेजारची एकटी काकू असं ओवाळायची तेव्हा सारिका आणि रोहिदास कुंपणाआडून बघून हसायचे. आता ती स्वतः अंगणात आली. बीजेचा चंद्र नखाएवढा, पश्चिमेच्या डोंगरावर टेकायला आलेला. आरशाच्या उजेडात गेले नऊ महिने बीजेचा चंद्र इथून कधी दिसलाच नव्हता. आज स्वच्छ दिसत होता. पट्टा बांधलेल्या मानेनं तिला वर बघणं जड जात होतं.

ज्ञानदेव काठी घेऊन तिच्यामागे उभा राहिला. घुंगरं वाजली आणि ती आवाजासरशी दचकली, रोहिदासच्या येण्याचा तोच आवाज होता. तिनं चंद्राकडे अक्षता टाकल्या आणि तबक फिरवलं. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. काही मागितलं नाही. गेल्या वर्षी मनात मागितलेलं मिळालं होतं.

"रोहिदास, तुझं तुला दिलं रे," ती म्हणाली, आणि तबक टेकवायला खाली बसू लागली.

"खाली बसू नकोस," ज्ञानदेव कुजबुजला. "वाकू नकोस. उभी राहा."

ती उभी राहिली. चंद्र डोंगराआड गेला. अंगणाच्या कडेला, जिथून उजाड माळ सुरू होत होता, तिथं काहीतरी हललं. कुत्रं असेल, वारा असेल. ज्योतीपलीकडे तिला काहीच दिसत नव्हतं.

"दिवा," ज्ञानदेव म्हणाला. "दिवा शांत कर. तो आहे तोवर डोळे बसायचे नाहीत."

ओवाळणीचा दिवा आपल्या हातानं विझवायचा नसतो. तिनं तबकातलं झेंडूचं फूल उचललं आणि ज्योतीवर ठेवलं. वात चुरचुरली, आणि दोघं अंधारात काठी आपटत उभे राहिले, डोळे बसायची वाट बघत.